साबणाचा विसर्ग

पैठणच्या नाथसागराला २७ दरवाजे. किती क्युसेक पाणी सोडलं, ते नदीकाठच्या गावागावांत कळवलं जातं. त्याच पैठणात आमच्या न्हाणीघरातल्या साबणदाणीला मात्र धड एक भोक नाही! नाथषष्ठीला पाहुणे उतरले की तिसऱ्या आंघोळीलाच वडीचा लगदा, आणि उरलासुरला तुकडा मोरीच्या जाळीत. उपाय काही अवघड नाही. ओल्या वडीत सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच दाबायचं, भिंतीतून पुढे आलेल्या दांडीला लोहचुंबक लावायचा. साबण अधांतरी लटकतो, चहूबाजूंनी वाळतो. पण घरमालकांचा दंडक : टाइलला भोक पाडायचं नाही. म्हणजे भोक साबणदाणीलाही नाही, भिंतीलाही नाही. चुंबक तूर्तास फ्रिजवर वीजबिल सांभाळतोय.