साहेब असलेला ग्रुप, साहेब नसलेला ग्रुप

कचेरीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा मंजूर पदे नसलेला विभाग होय. त्याच्या स्थापनेला ठराव लागत नाही. साहेबांच्या मनात आले की पुरते. एकेकाळी ग्रुपमध्ये २५६ जणांची सोय होती, २०२२ पासून १०२४ जण मावतात. उत्तरे देणारे मात्र पूर्वीचेच तिघे.

वेग हा या साधनाचा मोठा लाभ सांगितला जातो. पूर्वी ‘तात्काळ’ शेरा मारलेले परिपत्रक जिल्ह्याहून तालुक्याला टपालाने निवांत पोचे. आता ते रात्री साडेनऊला पोचते आणि माहिती सकाळी दहापूर्वी हवी असते. ती दहाला मिळाली तरी साहेब उघडतात गुरुवारी. वृक्षारोपणाचा फोटोही लागवडीच्याच दिवशी टाकावा लागतो. खड्डा गेल्या वर्षीचाच असला तरी चालतो.

पूर्वी अंगठा उठवणारा निरक्षर समजला जाई. ग्रुपवर अधिकारी जितका मोठा तितका तो अंगठ्यावर भागवतो, आणि ‘नोटेड सर’ एवढी अक्षरे कनिष्ठांनाच लिहावी लागतात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि ‘पत्र मिळालेच नाही’ या कारणाचा आधार गेला. २०१८ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली नोटीस, ती पोचून उघडली गेल्याच्या खुणांवरून, बजावली गेल्याचे मानले. खासगी संवादात या खुणा बंद ठेवता येतात, ग्रुपवर नाही; म्हणून अनुभवी कारकून संदेश न उघडता पडद्यावर डोकावलेल्या दोन ओळींवरच थांबतो. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला ग्रुपचालक केवळ त्या पदामुळे जबाबदार ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. अधिकार आहे, जबाबदारी नाही, अशी पदे कचेरीला नवी नव्हेत.

खरे काम चालते ते साहेब नसलेल्या ग्रुपवर. कपाटाची किल्ली कोणाकडे, फाइल कोणत्या टेबलावर अडली, साहेबांचा आजचा मूड कसा, ही माहिती तिथे मिनिटात मिळते आणि तिला जावक क्रमांक लागत नाही. या साधनाचे मोल ठरवायचे तर इथे ठरवावे. धोका एकच: इथला मजकूर घाईत साहेबांच्या ग्रुपवर पडतो. सर्वांसाठी संदेश पुसण्याची सोय २०१७ पासून आहे, पण पुसल्याची नोंद मागे राहते. ती सगळे वाचतात, आणि मूळ मजकूर दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर तोंडी उपलब्ध होतो.