जमिनीवर आलेली स्विफ्ट

बालाघाटच्या आमच्या भाच्याने स्विफ्टला 40 मिलिमीटर बुटक्या स्प्रिंगा बसवल्या. कंपनीने ठेवलेली जमिनीपासूनची उंची 163, उरली 123. शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र जुनेच. "ते कशाला बदलायचे मामा, दिसतात थोडेच?" आता मागे तिघं बसली की गाडी थेट बंपस्टॉपच्या रबरावर आदळते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच. आमच्या रस्त्यावरचा ज्याने घातला, त्याने ते पुस्तक उघडलेलं दिसत नाही. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत माणसं खाली उतरतात ती पगारासाठी. हा हप्ते भरून उतरला! काल गतिरोधकापाशी मामीला उतरवलं, गाडी तिरकी घातली, तरी खालून खर्रर्र झालंच. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.