खरी कुमारिका, खोटी कुमारिका

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एमबीबीएसचं न्यायवैद्यकाचं एक पुस्तक हाती लागलं. मुलं त्याला नुसतं ‘फॉरेन्सिक’ म्हणतात. आधीच्या मालकानं मन लावून अभ्यास केलेला. पानोपानी हायलायटरचे पिवळे पट्टे. एका पानावर दोन रकान्यांचा तक्ता : ‘खरी कुमारिका’ आणि ‘खोटी कुमारिका’. दोघींच्या शरीरांतला फरक मुद्देवार दिलेला, आणि समासात पेनानं ‘आयएमपी’. म्हणजे परीक्षेला येणारच. काही पानं पुढे अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांची यादी. त्यात समलिंगी पुरुष, समलिंगी स्त्रिया. तिथेही पिवळा पट्टा.

हे पान वाचणारी मुलं विशीच्या आतबाहेरची. दीडशे मुलांच्या वर्गात त्या यादीतलं कुणीतरी बसलेलं असतंच. तोही पट्टे ओढतो. व्हायव्हाला परीक्षकानं विचारलं तर आपण ज्या माणसांतले आहोत त्यांना गुन्ह्यांच्या यादीत घालून, व्याख्येसकट, न अडखळता सांगावं लागतं. नाही सांगितलं तर मार्क जातात. आणि तक्ता शिकवताना मागच्या बाकांवर हशा पिकतो, तेव्हा पुढच्या बाकांवरच्या मुली मान खाली घालून वहीत लिहीत राहतात. याच मुलींना आणि याच मुलांना उद्या कॅज्युअल्टीत बलात्कार झालेल्या बाईला तपासायचं आहे.

मग त्या यादीतला एखादा मुलगा मेसला जायचा बंद होतो, रात्र रात्र जागा राहतो. कॉलेज त्याला समुपदेशन कक्षात पाठवतं, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे. पण तो डॉक्टरही हेच पान पाठ करून पास झालेला! त्याच्यासमोर या मुलानं तोंड उघडायचं ते कशाच्या भरवशावर?

हे बदलता येतं, आणि सुरुवात आपल्याकडेच झाली होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्याच्या या धड्याला शास्त्राचा आधारच नाही, असं लेखी मांडलं आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९मध्ये तो अभ्यासक्रमातून काढला. त्याच्या आदल्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं कौमार्य चाचणी बंद करा असं बजावलं होतं. तपासून कौमार्य कळत नाही, एवढी ही साधी गोष्ट आहे.

२०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींचं प्रकरण आलं. आपल्याला हा विषय कळत नाही हे त्यांनी उघडपणे मान्य केलं, निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसले आणि तसं निकालात लिहिलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्याच प्रकरणातून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला पुस्तकं सुधारायची सूचना काढावी लागली.

आणि त्याच आयोगानं २०२४च्या ऑगस्टअखेर नवा अभ्यासक्रम काढताना कौमार्य आणि समलिंगी संबंधांचा ‘गुन्हा’, दोन्ही परत आणले. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७मधून बाहेर काढलं होतं. तरी सहा वर्षांनी देशात डॉक्टर घडवणाऱ्या सर्वोच्च संस्थेला ते माहीत नसावं? ओरड झाली, तेव्हा ५ सप्टेंबरला कागद मागे घेतला. त्यांच्या हातून ही चूक कशी झाली, याचा जाब मात्र विचारला जायला हवा होता.

कागद मागे घेतला म्हणून पुस्तक बदलत नाही. जुन्या आवृत्त्या ग्रंथालयात असतात, सीनियरकडून ज्युनियरकडे जातात, अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत मिळतात. परीक्षकांचे ठरलेले प्रश्न तर आवृत्त्यांपेक्षा जुने.

म्हणून फॉरेन्सिक शिकवणाऱ्या सर-मॅडमना हात जोडून सांगणं आहे. समुपदेशन कक्षाचं उद्घाटन, मानसिक आरोग्य दिनाचं पोस्टर हे सगळं नंतर करा. पुढच्या तासाला ते पान उघडा, वर्गादेखत त्यावर आडवी रेघ मारा आणि मुलांना सांगा की हे चूक आहे, परीक्षेत मी हे विचारणार नाही.