मिस्त्री कशाला?

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात, म्हणजे गुलमंडी, औरंगपुरा, बेगमपुऱ्याकडे, प्रत्येक गल्लीला एक स्वयंभू कारागीर नेमून दिलेला असतो. आमच्या गल्लीतले काका वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले. अंगात कंपनीचाच शर्ट, कानावर पेन्सिल. घरात काहीही मोडलं की त्यांचा एकच प्रश्न: "मिस्त्री कशाला?" काकू वाद घालत नाहीत. त्या शोकेसवर जुनी चादर टाकतात.

यंदा दिवाळीच्या तोंडावर बैठक नवी करायची टूम निघाली. काम किरकोळ, टीव्ही भिंतीवर टांगायचा. काकांनी फोनवर व्हिडिओ पाहिला होता. त्यातला गोरा भिंतीवर टकटक करतो, स्क्रू पिळतो आणि हसतो. त्याची भिंत लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या पाट्यांची. काकांची भिंत दीड हात जाड, बाहेरून वीट-चुना आणि पोटात पांढरी माती. ड्रिल आत गेलं ते जातच राहिलं. फिशर बसवला तर जागच्या जागी गरगर फिरला. मग मोठा फिशर, त्याच्यासाठी मोठं भोक, त्या भोकाला आणखी मोठा फिशर. संध्याकाळपर्यंत भोकात काकांचा हात कोपरापर्यंत जाऊ लागला.

"आतून बघून घेतली," काका म्हणाले. "भिंत मजबूत आहे."

भोक सिमेंटनं बुजवलं. आता सिमेंटला रोज पाणी मारावं लागतं, आणि जायकवाडी काठोकाठ भरलं तरी आमचा नळ येतो आठवड्याच्या हिशोबानं. काकूंनी बजावलं, "प्यायचं पाणी भिंतीला पाजायचं नाही." काकांनी मोरीत बादली लावली आणि भांडी विसळलेल्या पाण्यावर भिंत पोसली. चार दिवस बैठकीत वरणाचा वास होता. पाणी मारता मारता काका मलिक अंबरच्या नहरीबद्दल बोलत. सतराव्या शतकात त्यानं जमिनीखालून शहरभर पाणी खेळवलं, ते काय टेंडर काढून? अंबरनं स्वतः घमेलं उचललं होतं, अशी काकांची जवळजवळ खात्री आहे.

शहागंजातला एक म्हातारा मिस्त्री चहाला टेकला असताना भिंत बघून हळहळला. "चुने को सिमेंट कायकू लगाए साब?" चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, लोणा फुटतो, पावसाळ्यात पोपडे सुटतात. काकांनी बीबी का मकबऱ्याचा दाखला दिला. घुमट आणि खालचा पट्टा तेवढा संगमरवरी, बाकी बराचसा नुसता गिलावा, तरी साडेतीनशे वर्षं उभा आहे की नाही?

"वो चुनाच है ना साब."

काकांनी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला आणि विषय बदलला.

हे सगळं पैसे वाचवायला चालतं, असं कुणी समजू नये. ड्रिल, लेव्हल आणि तीन आकारांच्या थाप्यांमध्ये दोन मिस्त्र्यांची मजुरी केव्हाच गेली. ज्या माणसानं सगळी नोकरी लाइनवर एकाच जागचा नट आवळण्यात घालवली, त्याला एकदा तरी अख्खी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातानं बिघडवून बघायची असते. सुपरवायझर नाही, शिफ्ट नाही, भोंगा नाही. मला तर कधी कधी हेवा वाटतो.

सिमेंट अर्थातच निखळलं, ढेकळासकट. उकरता उकरता आत कोनाडा लागला. काकांच्या आजोबांनी कधीतरी विटांचे तुकडे कोंबून तो स्वतःच बुजवला होता, तोही तिरका. काकूंनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे रक्तातच आहे."

काकांनी ते कौतुक समजून घेतलं. कोनाड्यात आता राउटर आहे, टीव्ही स्टुलावर. शेजारच्या वाड्यात गीझर बसवायचाय. तिथल्या वहिनींनी माणूस सांगून ठेवला होता, पण काकांनी त्याला परस्पर फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी ते स्वतःच जाणार आहेत.