पिव्हटकाका

शनिवारी सकाळी बाणेरच्या कुठल्याही को-वर्किंग जागेत डोकवा. काचेच्या खोलीत, पांढऱ्या फळ्यापुढे, टी-शर्टवर जॅकेट चढवलेले साठीचे एक गृहस्थ हातवारे करताना दिसतील. हे पिव्हटकाका. नाव पोरांनी ठेवलंय. काकांना ते कळलंय आणि आवडलंयही.

परदेशी कंपनीत तीस वर्षं काढून काका व्हाइस प्रेसिडेंट म्हणून निवृत्त झाले. एवढ्या काळात पगार एकदाही चुकला नाही आणि आयुष्यातली एकमेव जोखीम म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीपदाची निवडणूक. तीही बिनविरोध. आता ते एका स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटरमध्ये मेंटॉर आहेत आणि घराचे हप्ते भरणाऱ्या पोरांना सांगतात, "नोकरी सोडा रे! घाबरता काय?"

अ‍ॅक्सिलरेटरांचा इतिहास त्यांना मुखोद्गत. 2005 साली पॉल ग्रॅहम आणि मंडळींनी वाय कॉम्बिनेटर काढलं. 2007 मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला टेकस्टार्सने दहा कंपन्या तीन महिन्यांसाठी मेंटॉरांच्या हवाली केल्या. काका स्वतःला या दुसऱ्या घराण्यातले मानतात. 2008 च्या अमेरिकन निवडणुकीत एअरबीएनबीच्या पोरांनी ओबामा-मॅकेनच्या नावाची सीरिअलची खोकी चाळीस डॉलरला एक अशी विकून कंपनी तगवली, ही त्यांची लाडकी कथा. पहिल्या बॅचला त्यांनी ती 'वाचली' होती. दुसऱ्या बॅचला ती त्यांना 'कोणीतरी आतल्याने सांगितली' होती. यंदा तर खोक्यांना डिंक काकांनीच लावला की काय, असं वाटत होतं.

यंदाच्या बॅचमध्ये निफाडची दोन पोरं होती. कांदाचाळीत कांदा सडू लागला की मोबाइलवर इशारा देणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं.

"ग्राहक कोण?"

"शेतकरी, सर."

"सर नाही म्हणायचं, नावाने हाक मारा." (ती हिंमत अजून कोणाची झालेली नाही.) "शेतकरी पैसे देणार नाही. व्यापाऱ्याला विका. पिव्हट!"

पोरांनी रात्र जागून सगळ्या स्लाइड बदलल्या. मंगळवारी दुसरे मेंटॉर म्हणाले, "व्यापारी कशाला? सरकारला विका." गुरुवारी तिसऱ्या बाई म्हणाल्या, "चाळ कोणाची? शेतकऱ्याची. मग त्यालाच विका." शनिवारी पोरं भीत भीत पुन्हा शेतकऱ्यावर आली, तेव्हा काका प्रसन्न हसले. "मी पहिल्यापासून काय सांगत होतो?"

मग बाजारपेठेचा आकार.

"आपल्या जिल्ह्यातल्या चाळी धरल्या तर..."

"जिल्हा? आफ्रिका धरा!"

आफ्रिका धरली. डेमो डेला गुंतवणूकदारांनी टाळ्या वाजवल्या, पनीर टिक्का खाल्ला, 'संपर्कात राहू' म्हणाले आणि गेले. पोरं यंत्रं खोक्यात भरू लागली.

इथे काकांची दुसरी बाजू सांगायला हवी. कार्यक्रम चालवणारी संस्था कंपनीतले पाच-सहा टक्के घेते. काकांना त्यातला एक शेअरही मिळत नाही. मिळतो तो 'मेंटॉर' लिहिलेला मग आणि चहा, तोही बिनसाखरेचा. तरी शनिवार चुकत नाही. पोरांचे पडलेले चेहरे पाहून ते पार्किंगमध्ये गेले आणि कोणाला तरी फोन लावला. त्यांच्या हाताखाली कधीकाळी ट्रेनी असलेला माणूस आता कांदा वाळवून निर्यात करणाऱ्या कारखान्यात खरेदी बघतो. बोलणं दोन मिनिटांचं, त्यातलं दीड मिनिट गुडघेदुखीवर. सोमवारी चाळीस यंत्रांची ऑर्डर आली, निम्मी रक्कम आगाऊ.

पोरं पेढे घेऊन आली, पाया पडली. "सर, तुमच्या मेंटॉरिंगमुळेच झालं."

काका चक्क दुखावले. "त्याला मेंटॉरिंग म्हणतात का? ओळखीने काम होतं हे माझ्या वडिलांनाही माहीत होतं. त्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर कशाला लागतो?"