तहकूब सभेचा महिमा

इगतपुरी तालुक्याने पावसाळाभर धो धो पाऊस अंगावर घ्यावा, तेथील वैतरणेच्या जलाशयाने दूरच्या मुंबईकरांची तृषा भागवावी, आणि वैशाख लागताच त्याच तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची स्वारी वाजतगाजत यावी, एवढी शिस्त प्रत्यक्ष ऋतुचक्रालाही साधलेली नाही. त्या मुलखातील आमच्या परिचयाच्या एका गावी १ मेच्या ग्रामसभेची दवंडी शिरस्त्याप्रमाणे फिरली, दप्तर उघडले, सतरंजी झटकून अंथरली. परंतु ऐन मुहूर्तावर टँकरचा भोंगा वाजला आणि सारा समुदाय हंडे-कळशा घेऊन विहिरीकडे धावल्याने गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते, ही कायदेकर्त्यांची दूरदृष्टी केवळ वंदनीय होय. आमच्या मते तर प्रत्येक सभा आरंभीच तहकूब करून भरवावी. असो. अर्ध्या घटकेने उरलेल्या चौघांनी, टंचाईविषयी तक्रार मांडण्यास सभेत कोणीही हजर नसल्याची नोंद घेऊन, गाव टंचाईमुक्त झाल्याचा ठराव एकमताने मंजूर केला. सूचक-अनुमोदकांच्या सह्या झाल्या. अभिनंदनाचा चहा तेवढा राहिला. त्यासाठी शिपाई कळशी घेऊन गेला आहे, तो अद्याप रांगेत आहे.