टाकीवर नाव कुणाचं?

पाण्याच्या टाकीजवळ फलक असतो. योजनेचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार, उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, सगळं ठळक अक्षरांत. नळ कोरडा पडला तर कुणाला गाठायचं, एवढंच त्यावर नसतं. बदलून आलेल्या शिक्षिकेनं, नव्यानं नांदायला आलेल्या सुनेनं कुठे विचारायचं? "पाणी सोडणाऱ्याला विचारा," असं सांगतात. तो बहुधा दुसऱ्याच्या शेतावर कामाला गेलेला असतो, कारण पाणी सोडून मिळणाऱ्या पैशांत त्याचं घर चालत नाही.

ग्रामपंचायतीत जावं, तर योजना गावापुरती असेल तरच उत्तर मिळतं. अनेक गावांची प्रादेशिक योजना असली की "वरूनच पाणी आलं नाही" म्हणतात. हे 'वर' म्हणजे कुठे जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, कुठे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. हातपंप दुरुस्तीचं पथक पंचायत समितीकडे. बिल थकून पंपाची वीज तुटली, तर वीज कंपनी थकबाकी दाखवते, ग्रामपंचायत थकलेली पाणीपट्टी दाखवते. तोवर घरातल्या बायका हंडे घेऊन विहिरीवर पोचलेल्या असतात. प्रत्येक खात्याचं म्हणणं कागदावर बरोबर असेलही, पण त्या हंड्यांचं ओझं कुठल्याच खात्याच्या हिशोबात नाही, याची मला चीड येते.

15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं. घरोघरी नळ, माणशी रोज किमान 55 लिटर पाणी. मुदत 2024 ची होती, ती 2028 पर्यंत वाढली. नळ बसले, ही मोठी गोष्ट आहे आणि ती नाकारायचं कारण नाही. पण नळजोडणी एकदा मोजली की संपलं. पाणी रोज सोडावं लागतं, त्यात रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावी लागते, शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन पोचतं का हे तपासावं लागतं. हे सारं पाणी सोडणाऱ्या त्या एका अर्धपोटी माणसावर सोडून कसं चालेल?

वर्षातून दोनदा गावच्या पाणीस्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका मोठा. ते कार्ड कपाटात पडून राहतं. पाणी पिणाऱ्याला रंग माहीत नाही.

येत्या ग्रामसभेत एकच ठराव मांडा. टाकीवर पाणी सोडणाऱ्याचं आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं नाव व फोन, पाण्याची वेळ, टाकी धुतल्याची तारीख आणि कार्डाचा रंग लिहायचा, आणि पाणी सोडणाऱ्याला किमान वेतन दर महिन्याला द्यायचं. कुणी नकार दिला, तर त्याचं नाव आणि कारण प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.